कडुनिंबातली नागव्वा

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरचा उकिरडा मी एकटा बंद करून दाखवतो, असं मी सोसायटीच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणालो. म्हणायची काही गरज नव्हती. बैठक पाण्याच्या टाकीबद्दल होती. पण चहा चांगला झाला होता, पंखा बरोबर माझ्याच डोक्यावर होता, आणि सोलापुरात मार्च महिन्यात डोक्यावर पंखा आला की माणसाला आपण काहीही करू शकतो असं वाटायला लागतं.

"एकटे?" गुरुशांत म्हणाले.

"एकटा," मी म्हणालो. "विज्ञानाच्या बळावर."

माझी पत्नी भार्गवी शेजारी बसली होती. तिनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं ती शाळेत पहिल्या बाकावरच्या पोरानं न विचारता हात वर केल्यावर बघत असेल.

आता मी कोण ते सांगतो. मी देवदत्त. एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. प्राध्यापक फळ्यावर जे सांगतात ते टेबलावर खरोखर घडावं, याची जबाबदारी माझी. कॉलनीत मला सगळे 'सर' म्हणतात. मी शिकवत नाही, हे मी कुणाला आपणहून सांगायला गेलेलो नाही.

आणि उकिरडा कसा झाला तेही सांगतो. आमच्याकडं घंटागाडी रोज येते. गाणं वाजवत येते, दारात कुणी दिसलं नाही की गाणं वाजवतच निघून जाते. लोक बादली घेऊन बाहेर येईपर्यंत ते गाणं पुढच्या गल्लीत पोचलेलं असतं. आता भरलेली बादली पुन्हा घरात कोण नेणार? कोपऱ्यावर एक रिकामा प्लॉट आहे, त्याचा मालक पुण्याला असतो. मग जाता जाता बादली तिथं उलटी. सगळ्यांत जास्त बादल्या सारजाबाईंच्या. त्यांचं घर कोपऱ्याला लागून, कुटुंब मोठं, आणि घरात कांदा इतका लागतो की टरफलांवरून त्यांच्याकडचा स्वयंपाक ओळखता यावा. मागे सोसायटीनं तिथं 'कचरा टाकू नये' अशी पाटी लावली होती. तर लोक पाटीच्या खिळ्याला पिशव्या अडकवायला लागले. तिथं कुत्र्यांचं तोंड पोचत नाही म्हणे.

या सगळ्याच्या समोर राहायची नागव्वा.

नागव्वा एकटी बाई. मूळची अक्कलकोटकडची. पत्र्याची एक खोली, पुढं चूल, आणि चुलीवर दिवसभर कडक भाकरी. तिची भाकरी पापडासारखी पातळ आणि अशी खुटखुटीत, की शेजारच्या घरात कुणी मोडली तर आपल्याला कळावं. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना परत जाताना आमच्याकडची माणसं शेंगाचटणी आणि नागव्वाच्या भाकरीची चवड बांधून द्यायची. तिला कानानं थोडं कमी ऐकू येतं. त्यामुळं बाकीच्या सगळ्यांनाही कमी ऐकू येतं असा तिचा समज आहे, आणि ती बोलते त्याच हिशेबानं.

माझं विज्ञान इथं सुरू होतं.

कपड्याच्या दुकानाच्या दारात एक डबी असते बघा. गिऱ्हाईक समोरून गेलं की 'या, बसा' म्हणते. तसली एक डबी मी आणली. तिच्यातला गोड आवाज काढून टाकला आणि दुसरा भरायचं ठरवलं. कुणी कचरा टाकायला वाकलं की डबी खडसावणार, माणूस दचकणार, कचरा घेऊन परत जाणार. साधं, सरळ. आधी मी माझाच आवाज भरून बघितला. भार्गवीनं ऐकला आणि म्हणाली, "हे ऐकून लोक तुम्हाला सुट्टे पैसे देतील."

मग एक दिवस मी गच्चीवर कपडे काढत होतो. खाली नागव्वाचा भाचा बिरप्पा ज्वारीचं पोतं घेऊन आला होता. त्याची पिठाची गिरणी आहे. त्यानं पोतं अंगणाच्या मधोमध आपटलं आणि चालायला लागला. त्यावर नागव्वा जे कडाडली, ते मी लगेच मोबाइलवर टिपून घेतलं.

"ए गाडवा! तितं का टाकलास? उचल म्हनते ना. हात मोडल्यात व्हय रे तुजं?"

कोपऱ्यासाठी याहून चांगलं वाक्य कुणी लिहून दिलं नसतं.

"तिला विचारलंत का?" भार्गवीनं विचारलं.

"विचारलं की ती लाजणार. लाजली की आवाज मऊ होणार," मी म्हणालो.

"ती लाजेल असं तुम्हाला कशावरून वाटतं?"

मी शिडी आणायला गेलो. कोपऱ्यावर, प्लॉट आणि नागव्वाची खोली यांच्या मधोमध एक कडुनिंब आहे. त्याच्या फांदीवर चिमण्यांसाठी कुणीतरी पत्र्याचं घरटं टांगलं होतं. चिमण्या कधीच आल्या नव्हत्या. नागव्वाची वाक्यं एकेक करून म्हणणारी डबी मी त्यात बसवली.

पहिला प्रयोग झाला सारजाबाईंवर. त्या सकाळी कांद्याची टरफलं घेऊन आल्या, वाकल्या, आणि झाडातून आवाज आला, "ए गाडवा!" बाईंनी बादली छातीशी धरली आणि जी धूम ठोकली, ती मी खिडकीतून पाहिली. मला न्यूटनला नसेल झाला एवढा आनंद झाला.

पण डबीला कचरा टाकणारा आणि नुसता चालणारा यांतला फरक कळत नाही. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. संध्याकाळी गुरुशांत फिरायला निघाले. गुरुशांत म्हणजे निवृत्त एसटी कंडक्टर. आयुष्यभर लोकांना मागं सरका म्हणून ओरडलेले. त्यांना कुणी उलटून ओरडलं नव्हतं. हातात काठी, दुसऱ्या हातात काही नाही. झाड म्हणालं, "हात मोडल्यात व्हय रे तुजं?" ते जागच्या जागी थांबले. दोन्ही हात पुढं करून बघितले. मग त्यांनी नागव्वाच्या खिडकीकडं बघितलं. खिडकी उघडी होती, आत धूर होता, आणि आवाज तर तिचाच होता.

सगळ्यांचं तसंच झालं. देवाची फुलं घेऊन जाणारे, लग्नाला आलेले पाहुणे, व्याख्यानाला निघालेले एक निवृत्त मुख्याध्यापक, सगळे गाढव झाले. आवाज नागव्वाचा म्हणजे ओरडणारी नागव्वाच, यात कुणाला शंका आली नाही. कचरा मात्र खरंच कमी झाला. निम्म्यावर आला. आणि त्याच्याबरोबर नागव्वाची गिऱ्हाइकंही.

एक दिवस ती कुंपणापाशी आली. एरवी तिचा आवाज दुसऱ्या गल्लीत जायचा. त्या दिवशी मला पुढं वाकून ऐकावं लागलं.

"सर, मी कुनाला काय बोलले का?"

"का? काय झालं?"

"लोकं बोलत न्हाईत माज्याशी. सारजाबाई तोंड फिरवून चालल्याली. भाकऱ्या तशाच ऱ्हायलालेत. पीठ जळलं का, मीठ जास्ती झालं, काय कळंना झालंय."

"उन्हाळा आहे," मी म्हणालो. "लोकांना भूक नसते."

ती मान डोलवून गेली. रविवारी डबी काढून टाकायची असं मी ठरवलं. पण रविवारी सकाळी कोपरा बघितला, तर जमिनीचा एक तुकडा दिसायला लागला होता. मला वाटलं, अजून एक आठवडा. डबीचा कोन थोडा बदलला तर फक्त वाकणारी माणसं टिपता येतील. म्हणून मी पुन्हा शिडी लावली.

मी वर असताना नागव्वा खाली येऊन काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मला आज शब्दन् शब्द सांगता येतं, कारण नंतर तिनं ते चारचौघांत मला पुन्हा ऐकवलं. ती म्हणाली होती, "सर, मी उद्या गावाकडं जाऊन येते. बिरप्पाच्या बहिनीचं डोहाळजेवन हाय. घराकडं लक्ष ठिवा."

माझ्या तोंडात स्क्रू होता. मी "हं" म्हणालो. ऐकलं काहीच नव्हतं. ती मला चिमण्यांसाठी झटणारा भला माणूस समजून निघून गेली.

पुढचं मला नंतर लोकांकडून कळलं. मी त्या दिवशी कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेत होतो, फोन कपाटात, भार्गवी शाळेत.

ती गावाला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुशांतांकडं पुण्याचे व्याही आले. व्याह्यांना कडक भाकरी हवी. अपमान गिळून गुरुशांत नागव्वाच्या दाराशी गेले आणि त्यांनी हाक मारली. आतून आल्यासारखं उत्तर आलं, "ए गाडवा! तितं का टाकलास?"

"काही टाकलं नाही, बाई. भाकरी पाहिजे," गुरुशांत म्हणाले.

"उचल म्हनते ना."

तेव्हा त्यांचं लक्ष कडीकडं गेलं. दाराला बाहेरून कुलूप होतं. खिडकी बंद. चूल थंड, राखेवर मांजर झोपलेलं. त्यांनी नागव्वाला फोन लावला, तर फोन बंद खोलीत आत वाजला. वाजत राहिला. नागव्वा फोन घरीच ठेवते, तिला तो ऐकूच येत नाही. पण हे गुरुशांतांना माहीत नव्हतं. त्यांनी बिरप्पाला फोन लावला. तिकडं गिरणी चालू होती.

"बिरप्पा, नागव्वा कुठाय?"

"आत्ती? आत्ती गेली की."

"गेली? कधी?"

"काल सकाळी."

"अरे, कशानं?"

"एसटीनं."

गुरुशांत ओट्यावर बसले. "आणि तुम्ही आम्हाला कळवलंसुद्धा नाही?"

"तुमाला कशाला कळवायचं त्यात? मी बी आता तिच्याकडंच चाललालोय," बिरप्पा म्हणाला. गिरणीचा पट्टा घरघरला आणि फोन बंद झाला. नंतर तो लागलाच नाही.

गुरुशांतांनी डेपोत ओळखीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, काल कुठंही अपघात नाही. "लपवतात," गुरुशांतांनी सगळ्यांना सांगितलं. "मी एसटीत आयुष्य काढलंय. मला माहीत आहे, कसं लपवतात." आणि बिरप्पाबद्दल म्हणाले, "पोरगा दुःखानं खुळावलाय. मीपण तिच्याकडंच जातो म्हणतो."

बातमी कॉलनीभर झाली. माणसं जमली. ज्यांनी महिनाभर तोंड फिरवलं होतं ती आता हळहळायला लागली. सारजाबाई तर ओट्यावर बसून रडायला लागल्या. सून बाळंत झाली तेव्हा नागव्वानं सव्वा महिना रोज गरम भाकरी आणून दिली होती आणि एक पैसा घेतला नव्हता, हे त्यांना आठवलं. मग कुणीतरी म्हणालं की संध्याकाळपर्यंत गावाकडची माणसं येतील, तिला इथं आणतील. सगळ्यांनी एकाच वेळी कोपऱ्याकडं बघितलं.

नागव्वाच्या दाराला जायचं तर उकिरड्यावरूनच जावं लागायचं.

"हे बघतील ते लोक," सारजाबाई म्हणाल्या. "म्हणतील, आमच्या बाईला ह्यांनी कशात ठेवलंय." आणि त्यांनी पदर खोचला.

घराघरातून फावडी, घमेली, खराटे आले. पुण्याचे व्याहीसुद्धा पँट दुमडून उतरले. भर दुपारचं ऊन, डोक्याला टॉवेल, नाकाला रुमाल. आणि जो जो वाकेल त्याच्यावर झाडातून आवाज, "उचल म्हनते ना. हात मोडल्यात व्हय रे?" पहिल्यांदा सगळे पळाले. मग सारजाबाईंनी झाडाकडं बघून हात जोडले. "उचललालाव की गं माय," त्या रडत रडत म्हणाल्या, "तुझ्याचसाठी उचललालाव." त्यानंतर आवाज आला की लोक "व्हय, व्हय" म्हणायचे आणि जोरानं खराटा मारायचे. घंटागाडीच्या मुकादमानं हे बघितलं आणि काही न विचारता ट्रॅक्टर पाठवला.

मी संध्याकाळी कोपऱ्यावर वळलो आणि गाडी थांबवून खाली उतरलो. मला वाटलं रस्ता चुकलो. प्लॉट झाडून लख्ख झाला होता. पाणी मारलं होतं. मातीचा वास येत होता. उकिरड्याच्या जागी एक प्लॅस्टिकची खुर्ची, खुर्चीवर नागव्वाचा फोटो, फोटोला हार. कुणाच्यातरी लग्नाच्या अल्बममधून कापून काढलेला फोटो होता. खांद्यावर दुसऱ्याच बाईचा अर्धा हात दिसत होता.

"सर, नागव्वा गेली," गुरुशांत म्हणाले. "एसटीखाली."

मी काय बोललो मला आठवत नाही. एवढंच आठवतं की ती कुंपणाशी उभी राहून, मी कुणाला काय बोलले का, असं विचारत होती आणि मी तिला उन्हाळा आहे म्हणून सांगितलं होतं. आपल्याशी लोक का बोलत नाहीत हे कळल्याशिवायच ती गेली. आणि तेवढ्यात एक आजोबा काठी टेकत खुर्चीपाशी आले आणि झाड ओरडलं, "ए गाडवा!" सगळ्यांनी हात जोडले. मला ते सहन होईना.

भार्गवी शाळेतून येऊन गर्दीत उभी होती. तिचे डोळे लाल होते. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "शिडी आणू?"

मी मान डोलावली.

सगळ्यांच्या देखत मी झाडावर चढलो, घरट्यात हात घातला आणि डबी बाहेर काढली. खाली उतरत होतो तोवर डबी माझ्या हातातच ओरडली, "तितं का टाकलास?" सगळ्यांचे जोडलेले हात खाली आले.

मी सगळं सांगितलं. आवाज तिचा, पण ओरडत ती नव्हती. ती तिच्या भाच्याला बोलली होती. तुम्हाला कुणालाच ती कधी काही बोलली नाही.

"म्हणजे मला गाढव तुम्ही म्हणालात?" गुरुशांत म्हणाले. एवढ्या दुःखातही त्यांचा तो मुद्दा सुटला नव्हता.

"मी म्हणालो."

"आणि आम्ही तिच्याशी बोलणं टाकलं," सारजाबाई म्हणाल्या. त्या मला शिव्या देतील असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या खुर्चीवरच्या फोटोकडं बघत राहिल्या.

तेवढ्यात रिक्षा आली. रिक्षातून एक गाठोडं उतरलं, मग एक पिशवी, मग हिरव्या इरकली लुगड्यात नागव्वा. ती गर्दीकडं बघत बघत पुढं आली. डबी माझ्या हातात चालूच होती. ती समोर येताच डबी गरजली, "हात मोडल्यात व्हय रे तुजं?"

नागव्वा थांबली. जवळून बोललेलं तिला नीट ऐकू येतं.

"अय्यो," ती म्हणाली. "कोन गं ही भवानी? केवढा आवाज बाईचा."

सारजाबाई होत्या तिथंच मट्‌कन खाली बसल्या. जागा स्वच्छ होती म्हणून बरं.

"तू... तू एसटीखाली..." गुरुशांतांना पुढं बोलवेना.

"एसटीखाली कशाला? आत बसून गेले की. खिडकीची जागा मिळाली. तुमी सगळे हितं का जमलालाव? आनि ह्यो हार कुनाला?"

ती खुर्चीपाशी गेली, वाकून फोटो बघितला, मग सरळ झाली आणि एकेकाच्या तोंडाकडं बघत गेली. हळूहळू तिला समजलं. ती हसेल असं मला वाटलं, किंवा ओरडेल. तिनं दोन्ही केलं नाही. तिनं प्लॉटकडं बघितलं. चपला काढून झाडलेल्या मातीवर दोन पावलं चालली.

"हे कुनी केलं?"

"आम्ही सगळ्यांनी," सारजाबाई म्हणाल्या.

"का?"

"तुझे पाहुणे येतील. काय म्हणतील, म्हणून."

नागव्वा म्हणाली, "पावनं एक दिस येनार. मी तर रोज हितंच ऱ्हाते की."

तिनं ते अगदी साध्या आवाजात म्हटलं. तिच्या तोंडून एवढ्या खालच्या पट्टीत निघालेलं वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं. सारजाबाई उठल्या, तिच्याजवळ गेल्या आणि तिला घट्ट धरून पुन्हा रडायला लागल्या. या वेळी नागव्वानंही डोळे पुसले. मग तिनं फोटोचा हार काढून सारजाबाईंच्या गळ्यात घातला, नको नको म्हणत असताना, आणि लोक हसले.

माझी पाळी राहिली होती. मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी तिच्या कानाशी. तिनं डबी मागून घेतली. पुढं हात हलवून तीन-चारदा वाजवली.

"ही मी हाय?"

"हो."

"मी असं बोलते?"

"हो, नागव्वा."

"मग लोकं येत नव्हते ते बरोबरच हाय की," ती म्हणाली आणि आता मात्र हसली. पण हसता हसता तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी शिडीचा आधार घेतला. "सर, तुमी मला सांगितलं असतं तर मी सोताच वरडले असते. एवढं काय त्यात? पन माजा आवाज तुमी घेतला, आनि नाव माजं गेलं. आता गिऱ्हाइकं कोन आननार?"

"मी," मी म्हणालो.

"कशी?"

"तू सांगशील तशी."

तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून कॉलेज सुटल्यावर मी डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन घरोघर गेलो. प्रत्येक दाराशी उभं राहून एकच वाक्य म्हणायचं, असा तिचा हुकूम होता. "नमस्कार. कोपऱ्यावर तुम्हाला नागव्वा गाढव म्हणाली नाही, मी म्हणालो. भाकरी घ्या." काहींनी हसून घेतली. निवृत्त मुख्याध्यापकांनी मला आत बसवून वाणीच्या संयमावर व्याख्यान ऐकवलं. एका घरात आजींना नीट ऐकू आलं नाही, तर त्यांनी मला तेच वाक्य मोठ्यानं म्हणायला लावलं, आणि ते बरोबर त्याच वेळी, जेव्हा आमच्या कॉलेजातले दोन विद्यार्थी समोरून चालले होते. पण टोपली रिकामी व्हायची. आठवड्याभरात गिऱ्हाइकं आपणहून यायला लागली.

कोपरा मात्र पुन्हा भरणार, अशी मला मनातून खात्री होती. भीती गेली होती, डबी गेली होती. पण भार्गवीनं घंटागाडीच्या ड्रायव्हरला गाठलं. तिनं त्याला एवढंच विचारलं, तू थांबत का नाहीस? तो म्हणाला, कुणी येतच नाही, थांबून काय करू? तिनं आम्हाला विचारलं, तुम्ही जात का नाही? आम्ही म्हणालो, तो थांबतच नाही. वर्षानुवर्षं दोघं एकमेकांची वाट बघत होतो, असं निघालं. आता गाडी कडुनिंबाखाली थांबते. लोक बादल्या घेऊन आधीच येऊन उभे असतात, ओला कचरा कुठला, सुका कुठला यावर वाद घालतात आणि जाताना नागव्वाकडून भाकरी नेतात. पुण्याच्या मालकानं फोनवरून परवानगी दिली, तशी प्लॉटवर सारजाबाईंनी झेंडू लावलाय. त्यात कुणाचा साधा कागद उडून पडला तरी त्या त्याच्या दारापर्यंत जातात.

गेल्या आठवड्यात शेजारच्या कॉलनीतली माणसं हे बघायला आली. मी इस्त्रीचा शर्ट घालून तयार होतो. सेन्सर म्हणजे काय, कोन कसा धरायचा, सगळं मनात घोळवून ठेवलं होतं. पण त्यांनी गुरुशांतांना विचारलं, की याची सुरुवात कशी झाली.

"आधी आमच्यातली एक बाई गेली," गुरुशांत म्हणाले.

"अरेरे," ती माणसं म्हणाली. "कोण?"

"मी," नागव्वा चुलीपाशी बसून म्हणाली. "भाकरी खानार का?"

भाकरी खाता खाता त्यांनी सगळी हकीकत ऐकली. जाताना त्यांच्यातल्या एक बाई मागं राहिल्या आणि नागव्वाला हळूच म्हणाल्या, "तुम्ही दोन दिवस आमच्याकडच्या कोपऱ्यावर येऊन जाल का?"

"मला कुटला येळ, बाई," नागव्वा म्हणाली आणि पिठाच्या हातानंच माझ्याकडं बोट केलं. "सरांना न्या. दारोदार जाऊन बोलायला लई चांगले हायेत."

येत्या रविवारी जायचं ठरलंय. विज्ञान घरी ठेवून जा, असं भार्गवीनं सांगितलंय.